अंबाडी राजकन्या नव्हती

शिंदखेड्याच्या आमच्या वाचनालयात दीपमालाताई पहिल्यांदा आल्या त्या खाकी ड्रेसमध्येच. धुळे-शिंदखेडा गाडीवर त्या कंडक्टर. गाडी सुटायला चाळीस मिनिटं होती, तेवढ्यात त्यांना 'गाठींचं राज्य'चा तिसरा भाग हवा होता. मी सभासद-अर्ज पुढे केला. त्यांनी उभ्या उभ्याच तो भरला आणि पुस्तक बॅगेत टाकताना म्हणाल्या, "भाऊ, चौथा आला की बाजूला काढून ठेवा. मी पुढच्या मंगळवारी येते."

मंगळवार त्यांच्या सुट्टीचा वार. पुढची सहा वर्षं मंगळवारी त्या आल्या नाहीत असं क्वचितच झालं असेल.

पुस्तकाचं वेड त्यांना मुलीकडून लागलं. किरण आठवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली. त्यात तिला 'गाठींचं राज्य'चा पहिला भाग बक्षीस मिळाला. तिने तो वाचला, दुसराही वाचला, मग दहावीचा अभ्यास सुरू झाला आणि तिने पुस्तकं माळ्यावर टाकली. ती आईने खाली काढली. तोवर दीपमालाताईंनी काल्पनिक असं काही वाचलेलं नव्हतं. जादूगार, राक्षस, उडते घोडे हे लहान मुलांचं, असं त्यांचं मत होतं. पण या पुस्तकात जादूगार नव्हता.

गोष्ट थोडक्यात सांगतो. एका देशात राजांनी नदी डोंगरामागे कोंडून ठेवली आहे. डोंगराला सहा दारं आहेत आणि एकाही दाराला कुलूप नाही. प्रत्येक दार दोरांच्या गाठींनी बांधलेलं आहे. चुकीचा पदर ओढला की दोर मनगटाला आवळतो. मोठमोठे सरदार तिथे हात गमावून परत गेले. ती दारं उघडायला निघते अंबाडी नावाची मुलगी, धनू दोरवाल्याची पोर. बापाने तिला एवढंच शिकवलेलं असतं की गाठ ओढायची नाही, आधी बघायची. कुठला पदर कशाखालून गेला ते समजलं, तर जगातली कुठलीही गाठ सुटते. एका भागात एक दार, असे सहा भाग निघणार होते.

दीपमालाताईंचं माहेर धरणगावजवळच्या खेड्यातलं. त्यांचे आजोबा सुपडू अंबाडीचे दोर वळायचे, बैलांची दावी, विहिरीचे सोल. वडील मोतीलाल शिकले आणि पोस्टमन झाले. आजोबांच्या तळहाताला इतके घट्टे होते की ते नातीच्या गालावरून हात फिरवायचे तर तिला खरखर व्हायची. हे त्यांनी मला पहिल्या भागाबद्दल बोलताना सांगितलं. पुस्तकात धनूच्या हाताचं वर्णन आहे ना, म्हणाल्या, ते वाचून मी पुस्तक मिटून बसले होते.

मग त्या गोष्ट गाडीत सांगायला लागल्या. रोजचे प्रवासी ठरलेले होते. तिकिटं फाडून झाली की, म्हणजे आता मशीनमधून काढून झाली की, त्या ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायच्या आणि काल कुठवर आलो ते सांगायच्या. ड्रायव्हर रुपचंदभाऊ आरशातून बघत ऐकायचे. सोनगीरला भाजीची टोपली घेऊन भागाबाई चढायची. तिला लिहितावाचता येत नाही, पण अंबाडीचं दुसरं दार कसं उघडलं ते ती तुम्हाला आजही पहिल्यापासून सांगेल. चढता चढताच ती विचारायची, "का वं माय, तुनी अंबाडी कोठे पोचनी?" आणि दीपमालाताई टोपली आत घेत म्हणायच्या, आधी बस, मग सांगते.

चौथा भाग संपल्यावर दोन वर्षं थांबावं लागलं. पाचवा आला तेव्हा मी वाचनालयासाठी तीन प्रती मागवल्या. पहिली प्रत मी स्वतः घरी नेली, खोटं कशाला बोलू. दोन दिवसांत संपवली आणि मला आवडली. एकोणिसाव्या प्रकरणात मोठा उलगडा होतो. एक म्हातारा पुजारी अंबाडीला सांगतो की ती धनूची मुलगी नाहीच. ती जुन्या राजघराण्यातली. लढाईत तिला टोपलीत घालून नदीत सोडलं होतं, धनूला ती सापडली. आणि ही दारं फक्त राजरक्ताच्या स्पर्शाने उघडतात, म्हणून आजवर दुसऱ्या कुणाकडून उघडली नाहीत. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

दीपमालाताईंनी सोमवारी दुसरी प्रत नेली आणि मंगळवारी दुपारी बारा वाजता त्या वाचनालयात हजर. पुस्तक टेबलावर ठेवलं. एकोणिसाव्या प्रकरणाशी तिकिटाच्या कागदाची पट्टी होती.

"हे परत घ्या," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, संपलं का एवढ्यात. त्या म्हणाल्या, संपलं नाही, मीच संपवलं. मी म्हटलं, शेवटपर्यंत तरी वाचा, पुढे फार चांगला प्रसंग आहे. त्या उभ्याच होत्या.

"भाऊ, चार भाग ही पोर डोकं चालवते. बोटं सोलवटून घेते. आणि आता म्हणतात, दार तिच्या डोक्याने नाही उघडलं, रक्ताने उघडलं. मग चार भाग मी काय वाचत होते?"

मी म्हटलं, अहो, कल्पित गोष्ट आहे. त्यावर त्या मला म्हणाल्या की कल्पित होतं म्हणूनच तर काहीही करता आलं असतं. करायचं ते हेच केलं का?

त्यांनी पुस्तक पुन्हा उचललं, कारण न वाचता बोलणारे लोक त्यांना आवडत नाहीत, आणि त्या घरी गेल्या. पुढच्या मंगळवारी पूर्ण वाचून आल्या. राग आणखी वाढला होता. शेवटच्या प्रकरणात अंबाडी धनूच्या पाया पडून त्याचा निरोप घेते आणि तो म्हणतो, मी तर फक्त राखणदार होतो. हे वाक्य त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

गाडीत सांगावं की नाही, हा प्रश्न होता. त्यांनी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी भागाबाई ऐकेना, तेव्हा त्यांनी जसं होतं तसं सांगितलं. पुस्तकात जे आहे ते आहे, त्यात मी बदल करणार नाही, असं आधी बजावून. रुपचंदभाऊ खूश झाले. त्यांचं म्हणणं, गरिबाची पोर राणी निघाली, याच्यापेक्षा गोड काय? आपल्या जुन्या गोष्टींत असंच असतं. नरडाणा आल्यावर भागाबाईने मात्र टोपली पुढे ओढली. मग म्हणाली, "मंग त्या बापनं बठ्ठं वाया गयं का?" त्या बापाचं सगळं वाया गेलं का, एवढंच तिचं विचारणं.

दीपमालाताईंनी मला हे सांगितलं. ज्या बाईने आयुष्यात पुस्तक धरलं नाही, तिला एका वाक्यात कळलं, म्हणाल्या.

घरी किरणशी त्यांचं भांडण झालं. किरण आता बारावीला होती आणि मालिकेच्या वाचकांच्या मोबाइलवरच्या गटात होती. तिथे सगळे या उलगड्यावर खूश होते. पहिल्या भागापासून याच्या खुणा पेरल्या होत्या, असं दाखवणारे लांबलचक लेख लोकांनी लिहिले होते. किरणने आईला ते वाचून दाखवले. आई म्हणाली, खुणा पेरल्या असतील, पण बी कुठलं पेरलं ते बघ. किरण वैतागली. तू प्रत्येक गोष्ट आपल्यावर का घेतेस, असं तिने विचारलं.

त्या दिवशी दीपमालाताईंनी मुलीला एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती तेव्हाची. एक निवृत्त शिक्षिका रोज त्यांच्या गाडीने यायच्या. प्रेमळ बाई. दिवाळीत फराळ आणायच्या, कंडक्टर मुलगी कशी चटपटीत आहे, हिशेबाला कशी पक्की आहे, हे शेजारच्या बायकांना सांगायच्या. एप्रिलमध्ये जयंतीच्या दिवशी दीपमालाताईंनी त्यांना विहारातला कार्यक्रम बघायला बोलावलं. बाई थोड्या थांबल्या. मग मायेने त्यांच्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, अगं, तुझ्याकडे बघून वाटत नाही हं. तुमच्या घराण्यात कुठेतरी चांगलं रक्त असणार.

"मी हसले," दीपमालाताई मुलीला म्हणाल्या. "त्यांना तिकीट दिलं आणि हसले. बारा वर्षं झाली, ते हसणं माझ्या घशात आहे. माझा बाप सायकलवरून उन्हात पत्रं वाटायचा आणि संध्याकाळी माझा अभ्यास घ्यायचा. आजोबा दोर वळून त्याला शिकवायचे. ते कुणी नाही. कुठलं तरी रक्त. त्या बाईंनी जे मला केलं, तेच या लेखकाने अंबाडीला केलं. आणि ती पण हसते, बघ. शेवटच्या पानावर हसते."

दुसऱ्या दिवशी किरणने प्रकाशकांचा पत्ता शोधून आईच्या हातात दिला.

पत्र नऊ पानांचं झालं. ते त्यांनी मला वाचून दाखवलं. मी दोन ठिकाणी शब्द सौम्य करायला सुचवले, ते त्यांनी केले नाहीत. पत्रात रागापेक्षा अभ्यास जास्त होता. चारही भाग त्यांनी पुन्हा वाचले होते, कोणतं दार कुणी, कसं, कोणत्या हाताने उघडलं याची टिपणं काढली होती. पत्र गेलं. उत्तर आलं नाही.

चार महिन्यांनी, डिसेंबरात, जळगावला लेखक वाचकांना भेटणार असल्याची बातमी आली. लेखकाचं नाव मी इथे घेत नाही. ते वाईट माणूस नव्हते आणि त्यांचे पहिले चार भाग मी अजूनही लोकांच्या हातात देतो. दीपमालाताईंनी रजा टाकली. मी येतो म्हटलं, किरण तर येणारच होती. अमळनेरमार्गे आम्ही निघालो. धरणगावच्या स्टँडवर मोतीलालआबा पांढरा सदरा घालून उभे होते. लेकीने फोन केला होता. गाडीत ते माझ्या शेजारी बसले. त्यांनी मला हळूच विचारलं की भर सभेत लेखकाला असं विचारणं बरं दिसतं का. मी म्हटलं, आबा, वाचकांची भेट आहे, वाचकाने विचारायचंच असतं. ते म्हणाले, हो, पण ती खरंच विचारेल, कुणाची भीड ठेवायची नाही.

सभागृह भरलं होतं, बहुतेक कॉलेजची मुलं. लेखक छान बोलले. मग सांगितलं गेलं की प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या. दीपमालाताईंनी दिली. सूत्रसंचालक चिठ्ठ्या वाचायचे, काही वाचायचे आणि काही खालच्या गठ्ठ्यात सरकवायचे. अंबाडीचं लग्न कुणाशी होणार, तुम्ही किती वाजता लिहिता, सहावा भाग कधी येणार. त्यांची चिठ्ठी खाली गेलेली आम्ही चौघांनीही पाहिली. वेळ संपत आली असं म्हणून आभाराचं भाषण सुरू होणार, तोच त्या उठल्या.

रोज साठ-सत्तर माणसांच्या गाडीत मागच्या टोकापर्यंत आवाज पोचवायची सवय. माइकची गरज पडली नाही.

"सर, मी शिंदखेड्याची. माझी चिठ्ठी तुमच्यापर्यंत आली नाही म्हणून उभी राहिले. पाचव्या भागात तुम्ही म्हणता, दार फक्त राजरक्ताच्या स्पर्शाने उघडतं. बरोबर?"

लेखक हसून बरोबर म्हणाले. सूत्रसंचालक काही बोलणार होते, त्यांना लेखकांनीच हाताने थांबवलं.

"मग दुसऱ्या भागाचं काय? पान एकशे अठ्ठ्याऐंशी. अंबाडीचे दोन्ही हात उकळत्या डांबराने भाजलेत. ती दारापासून दहा पावलं लांब उभी आहे. ती सांगते आणि भिवा मेंढपाळ पदर सोडवतो. तिने दाराला बोट लावलेलं नाही. दार उघडलं. भिवाचं रक्त कुणाचं होतं?"

सभागृहात कुजबुज झाली. किरणच्या बाजूच्या मुलीने पिशवीतून दुसरा भाग काढला आणि पानं चाळायला लागली. लेखक आधी म्हणाले की रक्त हे एक प्रतीक आहे, त्याचा शब्दशः अर्थ घ्यायचा नसतो. दीपमालाताई बसल्या नाहीत.

"प्रतीकच आहे, सर. कशाचं ते मला चांगलं माहीत आहे. त्याचा अर्थ मला आजवर पुष्कळ लोकांनी सांगितलाय. दोरवाल्याच्या मुलीने दार उघडलं, हे तुम्ही लिहिलं होतं. मी ते खरं मानलं. माझ्या गाडीतल्या बायकांनी मानलं. मग तुम्हालाच ते खरं वाटेनासं झालं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एक मुलगा म्हणाला की मॅडम, गोष्ट आहे ती. त्याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. लेखकांनी चष्मा काढला. ते म्हणाले, "दुसऱ्या भागातला तो प्रसंग माझ्या लक्षात नव्हता." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या मते सहाव्यात मी काय करावं?"

"ते तुमचं काम," दीपमालाताई म्हणाल्या. "गाडी तुम्ही चालवायची. पण पाटी एका गावाची लावून गाडी दुसऱ्या गावाला नेली, तर प्रवासी विचारणारच. मी विचारलं."

आणि मग त्या बसल्या. आभाराचं भाषण झालं. बाहेर पडताना दोन मुली त्यांच्याजवळ येऊन पान नंबर पुन्हा विचारून गेल्या. एक गृहस्थ मला म्हणाले, आजकाल प्रत्येक गोष्टीत हे आणतात. मी त्यांना काही बोललो नाही आणि त्याची मला अजून टोचणी आहे. परतीच्या गाडीत धरणगाव आलं तेव्हा मोतीलालआबा पिशवी खांद्याला लावत लेकीला म्हणाले, "पान नंबर बरोबर सांगितलास. नाहीतर ऐकलं नसतं त्यांनी." आणि उतरले.

सहावा भाग पुढच्या वर्षी आला. तुम्हाला वाटेल, लेखकाने बदल केला असेल. नाही केला. अंबाडी सहावं दार उघडते, नदी सुटते, तिला राज्याभिषेक होतो. मनोगतात मात्र एक परिच्छेद होता. शिंदखेड्याच्या एका जागरूक वाचक भगिनीने एक चूक दाखवून दिली, त्यांचे आभार, दुसऱ्या भागाच्या नव्या आवृत्तीत ती सुधारली आहे. मी नवी आवृत्ती मागवून पाहिली. एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर आता भिवा पदर सोडवत असताना अंबाडी मागून येऊन भाजलेला हात दाराला टेकवते.

मी ते पान दीपमालाताईंना दाखवलं तेव्हा वाटलं होतं, त्या चिडतील. त्या हसल्या. हे हसणं वेगळं होतं. म्हणाल्या, "म्हणजे खोटं टिकवायला आधीचं खरं खोडावं लागलं. भाऊ, जुनी आवृत्ती रद्दीत देऊ नका. कुणी कायमची मागितली तरी देऊ नका."

जुनी आवृत्ती आमच्याकडे आहे. कपाटात कुलूप लावून ठेवत नाही, सगळ्यांना वाचायला देतो. विहारात रविवारी त्यांनी मुलांसाठी वाचनाचा तास सुरू केला, तिथे तीच प्रत जाते. त्या सहाही भाग वाचून दाखवतात, पाचवासुद्धा, एक शब्द न गाळता. नंतर मुलांना बोलू देतात.

त्याच सुमारास त्यांनी पाचव्या भागाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर एक कागद चिकटवायची परवानगी मागितली. त्यावर लिहिलं होतं: 'अंबाडी धनू दोरवाल्याची मुलगी आहे. पुरावा भाग दोन, पहिली आवृत्ती, पान १८८. – दीपमाला बिऱ्हाडे, कंडक्टर.' वाचनालयाच्या समितीतल्या पंडितनानांनी ते पाहिलं आणि मला सांगितलं की पुस्तकं विद्रूप करणं नियमात बसत नाही, काढून टाका. अठ्ठावीस वर्षांत मी समितीचा शब्द मोडला नव्हता. मी नानांना म्हटलं, कागद निघताना पान फाटेल, राहू द्या. ते पुन्हा म्हणाले. मी पुन्हा तेच म्हटलं. गोंद साधा होता, पाण्याचं बोट लावलं असतं तर कागद निघाला असता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

त्या कागदाखाली लोक लिहायला लागले. कुणी 'सहमत' लिहिलं, कुणी 'गोष्ट गोष्टीसारखी वाचा', कुणी नुसतंच प्रश्नचिन्ह काढलं. रुपचंदभाऊंनी सहीसकट लिहिलं की मला राणीच आवडते, पण बाई म्हणते ते खरं आहे. कागद भरला म्हणून मी खाली दुसरा जोडला.

गेल्या मंगळवारी त्यावर किरणचं अक्षर दिसलं. ती आता धुळ्याला कॉलेजात आहे, सुट्टीत आली होती. तिने लिहिलं होतं: 'आई, राजाची निघाली तरी गाठी तिनेच सोडवल्या ना? मग रक्त कुणाचंही असलं तरी काय फरक पडतो?'

दीपमालाताईंची त्या दिवशी बदली ड्युटी होती, ड्रेसवर आल्या होत्या. दोनच मिनिटं होती. त्यांनी ते वाचलं, माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि टेबलावर वाकून एक ओळ लिहिली. पेन परत दिलं आणि बॅग काखेत दाबून स्टँडकडे निघाल्या. त्या गेल्यावर मी पुस्तक वळवून वाचलं.

'फरक पडत नव्हता, तर बदललं कशाला?'